आजचा मुक्काम जेजुरी

माझ्या टेबलाच्या खणात मोडी लिपीच्या सरावाच्या तीन वह्या आहेत आणि तिन्ही साधारण विसाव्या पानावर थांबलेल्या आहेत. आजोबांच्या पेटीत सापडलेले जमिनीचे आणि देण्याघेण्याचे कागद स्वतः वाचायचे, ही माझी कित्येक वर्षांची इच्छा. प्रत्येक वेळी मी मोठ्या हौसेने बोरू आणि शाई आणली, रोज दोन तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावले, मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवली. आणि प्रत्यक्ष जुन्या हस्ताक्षराशी गाठ पडताच, जिथे लेखणी न उचलता लिहिलेले शब्द एकमेकांत मिसळून ओळीत एक शब्द कुठे संपला हेही कळत नाही, तिथे माघार घेतली. 2024 मध्ये ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचे ठरवले तेव्हा घरातल्यांनी हसून विचारले, ‘ही चौथी वही का?’ प्रश्न रास्त होता.

29 जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. एका ओळखीच्या गृहस्थांच्या शब्दावर मला रथामागच्या एका दिंडीत जागा मिळाली होती आणि जेवणाखाण्याची भिशी मी आधीच भरली होती. पहिले दोन दिवस माझ्या उत्साहाला सीमा नव्हती. दिंडीची ओळ मला संथ वाटायची, म्हणून मी पुढे जाऊन उभा राहायचो, फोटो काढायचो, मोबाइलवर पावले किती झाली ते पाहायचो आणि एकूण अंतरातून झालेले अंतर वजा करायचो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे ही वजाबाकी सुरुवातीला फारच निराशाजनक येते. पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला मोठा टप्पा, तीस किलोमीटरांहून अधिक, आणि त्यात दिवे घाटाची चढण. घाट मी इतरांच्या पुढे, जवळजवळ धावत चढलो. वर पोहोचल्यावर फार बरे वाटले आणि ते वाटणे सासवडच्या तळापर्यंतही टिकले नाही.

रात्री राहुटीत मोजे काढले तेव्हा डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला होता आणि उजव्या चवड्याला दोन. शेजारी परभणीकडचे एक शेतकरी पडशी उशाला घेऊन बसले होते. अठरावी की एकोणिसावी वारी, त्यांनाही नक्की आठवत नव्हते. त्यांनी काही न विचारता माझा पाय मांडीवर ओढून घेतला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा मात्र तसाच आत ठेवला आणि दोन्ही टोके बोटभर सोडून तोडला. ‘कातडं काढायचं नाही, माउली. पाणी दोऱ्यानं निघून जातं, कातडं खाली पायाला राखतं.’ मग त्यांनी विचारले की मी दिवसभर मोबाइलात काय पाहतो. पंढरपूर किती राहिले ते पाहतो, असे मी सांगितले. ‘ते कशाला मोजता? पंढरपूर विठ्ठलापाशी आहे. परवाचा मुक्काम जेजुरी, तुम्ही जेजुरी मोजा.’

सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात, म्हणून मला एक दिवस विश्रांती मिळाली आणि तो दिवस मी बहुतेक या वाक्यावरच काढला. वारीतून व्यवस्थापनाचे धडे काढणाऱ्या व्याख्यात्यांबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे. लोक तिथे धडे घ्यायला जात नाहीत. तरीही सगळी वाट मुक्कामांत कापलेली आहे आणि कोणत्या तिथीला कुठे पोहोचायचे हे चालणाऱ्याच्या मनावर सोडलेले नाही, एवढे मात्र दिसतेच. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे रूप दिले. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते आणि फौजेच्या चालीची शिस्त त्यांनी दिंड्यांना लावली, असे सांगतात. पहाटे कर्णा वाजतो तेव्हा आवरायचे, दुसऱ्याला ओळीत उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. आज चालावे की नाही, हा प्रश्न मला घरी रोज रात्री टेबलापाशी पडायचा आणि त्याचे उत्तर शोधण्यातच वेळ जायचा. इथे तो कोणालाच पडत नव्हता. जेजुरीच्या वाटेवर पाय दुखत होतेच, पण मी ओळ सोडली नाही, आणि संथ वाटणारी ती चाल अठरा दिवस पुरण्यासाठीच तशी होती हे टाचेलाच आधी कळले.

वाल्ह्याला मला टाळ मिळाले. एक टाळकरी आजारी पडून गावी परतले होते आणि विणेकऱ्यांनी त्यांची जोडी माझ्या हातात दिली. टाळ वाजवणे दिसते तितके सोपे नाही. पाऊल, तोंडाने अभंग आणि हातात ठोका, अशी तीन कामे एकाच वेळी चालतात आणि मन चौथीकडे गेले की पहिल्यांदा ठोका चुकतो. लेखणी किंवा पुस्तक हातात असताना मन भरकटले तर अर्ध्या तासानेही कळत नाही. टाळ लगेच कळवतो, तोही चाळीस जणांच्या देखत. पहिल्या दिवशी मी चुकलेला ठोका भरून काढायला जायचो, म्हणजे घाईघाईने दोन ठोके वाजवायचो, आणि तेवढ्यात तिसराही चुकायचा. शेवटी पखवाजी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘माउली, गेला तो गेला. हात उचलून ठेवा आणि पुढच्यावर या.’ दिंडी कोणासाठी थांबत नव्हती, पण कोणाला ओळीबाहेरही काढत नव्हती. लोणंद ओलांडेपर्यंत मी शेकडो वेळा चुकलो असेन, आणि चुकणे व पुन्हा येणे यांमधले अंतर हळूहळू एका ठोक्याएवढे उरले.

माझ्या तिन्ही वह्या कशा थांबल्या होत्या ते तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ, पहिल्या उभ्या रिंगणाला जागा धरून बसलो असताना माझ्या ध्यानात आले. एकदा तापाने चार दिवस गेले होते, एकदा ऑफिसच्या कामाने आठवडा गेला होता. दर वेळी मी बुडालेले तास पुढच्या रविवारी भरून काढायचे ठरवले, कर्ज वाढत गेले आणि मग वहीच मिटली. मी चुकलेले ठोके भरत बसलो होतो.

आणखी एक गोष्ट मला दर संध्याकाळी पाहावीशी वाटायची. तळावर पालखी पोहोचली की समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, आणि चोपदारांनी दंड वर केला की सगळे क्षणात गप्प होते. तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, आणि मगच पुढचे सुरू होते. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी पुकारली जाते. दिवसाची कुरकुर त्याच दिवशी त्याच तळावर मिटवून झोपायचे, दुसऱ्या दिवसाच्या पायांवर तिचे ओझे घालायचे नाही, ही रीत मला रिंगणातल्या अश्वाच्या धावेपेक्षाही अधिक देखणी वाटली.

फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हे मुक्काम भराभर गेले. त्यांबद्दल सांगण्यासारखे पायांपाशी फार काही उरले नव्हते. वेळापूरहून निघाल्यावर मोबाइल पडशीच्या तळाशी कुठे गेला ते मला दोन दिवस आठवलेही नाही. वाखरीला शेवटचे रिंगण झाले आणि 17 जुलैच्या एकादशीला मी चंद्रभागेत स्नान करून कळसाला हात जोडले. दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे त्राण नव्हते. परभणीचे काकाही दर वर्षी कळसाचेच दर्शन घेऊन काल्यानंतर परततात, कारण पेरलेल्या रानात कोळपणी खोळंबलेली असते. परतीला एसटीने अठरा दिवसांची वाट काही तासांत उलटी नेली, आणि खिडकीतून जेजुरीचा गड मागे पडताना दिसला.

घरी आल्यावर मी भिंतीवरचे वेळापत्रक काढून टाकले. घरात दिंडी नसते, कर्णा वाजत नाही, आणि श्रावणात माझे नऊ दिवस कोरडे गेले हेही खरे. दहाव्या दिवशी मात्र मी मागचे काही भरायला बसलो नाही. त्या दिवसाच्या पाच ओळी घेतल्या आणि वही मिटली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मोडी येते, हे मला आठ वर्षे शेजारी बसून ठाऊक नव्हते; आता दर शनिवारी डबा खाताना तो माझ्या ओळी तपासतो आणि रेघ आधी पूर्ण ओढून मगच खाली अक्षरे लिहायची, यासाठी मला रागावतो. चौथी वही भरली, पाचवी चालू आहे. मार्गशीर्षात पेटीतला पहिला कागद सबंध लागला. पणजोबांनी बैलजोडीसाठी पैसे उसने घेतले होते आणि पुढच्या सुगीला फेडण्याचे लिहून दिले होते. फेडले की नाही, ते दुसऱ्या कागदात असावे. त्याच्या सात ओळी लागल्या आहेत, आणि अजून त्यात बैलांचे नाव आलेले नाही.