ठाण्यातलं रेस्क्यू सेंटर: इग्वाना, आफ्रिकन ग्रे आणि टाकून दिलेली कासवं

भाच्याने वाढदिवसाला कासव मागितलं आणि बहिणीने ते प्रकरण माझ्या गळ्यात घातलं, तूच समजाव म्हणाली, म्हणून रविवारी सकाळी त्याला घेऊन घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका छोट्या रेस्क्यू सेंटरला गेले. परदेशी जातीचे, लोकांनी हौसेने घेतलेले आणि मग नकोसे झालेले प्राणी तिथे सांभाळतात. नाव-पत्ता इथे देत नाहीये कारण त्यांनीच तशी विनंती केली. पत्ता पसरला की लोक रात्री गेटवर खोकी ठेवून जातात, एकदा तर उशीच्या अभ्र्याला गाठ मारून आत बॉल पायथन (आफ्रिकेतला अजगर) ठेवलेला होता. कोणाला खरंच जायचं असेल तर आपल्या व्हेटकडे किंवा ओळखीच्या प्राणीमित्रांकडे विचारा, ते सांगतात.

जायला रिक्षाच बरी. माजिवड्यापासून पुढे मेट्रोच्या पिलरखालचं ट्रॅफिक रविवारी पण असतंच. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, थोडीथोडीच माणसं आत घेतात, गेटवर चपला औषधाच्या पाण्यात बुडवायच्या, फ्लॅश बंद, आणि कशालाही हात लावायचा नाही. नवीन आलेले प्राणी मागच्या क्वारंटाईन खोलीत असतात, तिकडे पाहुण्यांना बंदी.

पहिल्याच पिंजऱ्यात इग्वाना, म्हणजे मोठ्या सरड्यासारखा प्राणी. शेपटीसकट माझ्या हाताहून लांब, आणि खालचा जबडा सुजल्यासारखा दिसत होता. दाखवणारे दादा म्हणाले, "ताई, ही सूज नाहीये, हाड मऊ पडलंय." इग्वाना पूर्ण शाकाहारी, त्याला पालेभाजी लागते आणि सोबत उन्हातले यूव्हीबी किरण, ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर हाडातलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. आधीच्या घरी त्याला अंडी आणि खिमा मिळायचा. टाकी खिडकीशी होती, ऊन येतं की भरपूर, असं त्या लोकांना वाटत होतं, पण खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. हे मला माहीत नव्हतं आणि मला वाटतं नव्वद टक्के घेणाऱ्यांना माहीत नसेल, आणि दुकानदार तर सांगतच नाही.

मग कासवांचं टाकं. भाचा तिथे जो चिकटला तो हलेचना. सगळी रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली, ॲक्वेरियमच्या दुकानात दहा रुपयांच्या नाण्याएवढी मिळतात तीच. इथली मात्र जेवायच्या ताटलीएवढी होती, मादी तर ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगते. एकाच्या कवचाच्या कडा वर वळलेल्या, मधले खवले डोंगरासारखे उचललेले, वर्षानुवर्षं छोट्या प्लास्टिकच्या टबात वाळक्या झिंग्यांवर काढलेली. मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे कासव. तिथे साल्मोनेलाच्या (पोट बिघडवणारा जिवाणू) भीतीने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे, आणि आपण ते लहान मुलांच्या हातात देतो!

मोठं झालं की लोक काय करतात, तर तळ्यात सोडतात. ठाण्यात तळ्यांना कमी नाही. पुण्य केल्यासारखं वाटतं लोकांना, पण जगातल्या शंभर सगळ्यात घातक घुसखोर प्रजातींच्या यादीत हे कासव आहे, उन्हाला बसायची जागा, खाणं, सगळ्यात आपल्याकडच्या कासवांशी भांडतं आणि बऱ्याचदा तेच जिंकतं. म्हणून सेंटरवाले यांना सोडू शकत नाहीत. जखमी घार किंवा आपला हिरवा पोपट आला तर वनखात्याला कळवून बरा करून परत सोडता येतो. याला कुठे सोडणार? मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, इथे आलेल्या बहुतेकांना बरं होऊन पण जायला जागा नाही.

आफ्रिकन ग्रे पोपटापाशी मी बराच वेळ उभी होते. डोकं, पंख ठीक, छाती मात्र पूर्ण उघडी, गुलाबी कातडी दिसत होती, स्वतःच पिसं उपटलेली. एकटं राहून, कंटाळून हे करतात, कधी आजारपण पण असतं. तो अचानक बोलला, "कृपया दरवाजा बंद करें", अगदी लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात, आणि मग कुकरची शिट्टी. म्हणजे कुठल्यातरी टॉवरमध्ये लिफ्टशेजारच्या फ्लॅटमध्ये दिवसभर हेच ऐकत बसलेला. चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो हा पक्षी, कळपात राहणारा. दादा त्याच्याशी मालवणीत बोलत होते आणि तो मान वाकडी करून ऐकत होता.

कागदपत्रांचं पण विचारलं मी. साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) प्रजाती २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आल्या, आफ्रिकन ग्रे, इग्वाना, बॉल पायथन सगळे त्यात येतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार घरी असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. "नोंद करायची म्हटलं की फोन वाढतात, घेऊन जा म्हणून," दादा म्हणाले. त्यांच्याकडे जागा नाही, तरी कोणाला नाही म्हणवत नाही.

भाच्याने येताना रिक्षात विचारलं की कासव तीस वर्षं जगलं तर मी किती वर्षांचा असेन. चाळीस म्हटलं. मग तो बराच वेळ हिशोब करत होता, कॉलेज, नोकरी, सगळं.

जाणार असाल तर डोनेशनबरोबर जुने टॉवेल, वर्तमानपत्रं न्या, त्यांना रोज लागतात. जास्वंदीची पानं-फुलं आणि शेवग्याचा पाला पण चालतो, फवारणी नसलेला, इग्वानासाठी, आधी फोनवर विचारून. पालक नका नेऊ, त्यातल्या ऑक्झलेटने कॅल्शियम अडकतं.