नाकावर टिच्चून मॅकग्रेगर

स्कॉटलंडमधलं कॅलंडर गाव सोडलं तेव्हा पावसाची नुसती भुरभुर होती. लॉख लुबनेग या तळ्याच्या काठाने जाईतो तिचा चांगला पाऊस झाला. पुढे किंग्जहाउसपाशी डावीकडे वळून एकपदरी रस्ता धरला. पाटीवरचं नाव मी ‘बाल्क्विडर’ असं वाचत होते. आदल्या रात्री घरमालकीणबाईंनी हसून ‘बल्विडर’ असं दुरुस्त करून दिलं होतं.

इथे यायचं कारण एक आडनाव. मॅकग्रेगर. ‘मॅक’ म्हणजे मुलगा हे आपल्याला ठाऊक असतं. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत मुलीच्या आडनावात मात्र ‘मॅक’ऐवजी ‘निक’ लागतं, हे मला इथे येऊन कळलं. ग्रेगर मूळचा ग्रीक, अर्थ ‘जागा राहणारा’. हा ग्रेगर कोण? कुळाचे लोक नवव्या शतकातल्या एका राजाच्या भावापर्यंत जातात, ‘माझं कुळ राजवंशी’ हे त्यांचं ब्रीदच आहे. मला मात्र चौदाव्या शतकातला ‘सोनेरी लगामांचा ग्रेगर’ जास्त पटतो. राजाचा भाऊ असण्यापेक्षा घोड्याला सोन्याचा लगाम असणं काही वाईट नाही.

कुळाचं मूळ वतन पश्चिमेला ग्लेनऑर्कीकडे. ते हळूहळू कॅम्बेल कुळाच्या घशात गेलं आणि हे लोक डोंगरात लपून गुरं पळवू लागले. ‘धुक्याची लेकरं’ हे नाव तेव्हाचं. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनला त्यांनी कॉल्हून कुळाची कत्तल केली, तेव्हा स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स खवळला. इंग्लंडच्या गादीसाठी एडिनबरा सोडण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, त्याने मॅकग्रेगर हे नावच बंद केलं. नाव टाका, नाहीतर मरा. पुढे हत्यारबंदी आली: जेवताना मांस कापायला बिनटोकाची सुरी तेवढी चालेल. चारपेक्षा जास्त जण एकत्र जमायचे नाहीत.

मग कोणी ग्रॅहम झाला, कोणी ड्रमंड, कोणी मरे. आणि ज्यांनी जमिनी गिळल्या त्याच कॅम्बेलांचं नाव लावायची वेळ कित्येकांवर आली! १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा बसली, ती कायमची उठायला १७७४ उजाडलं. त्यानंतर ८२६ जणांनी सह्या करून जॉन मरे याला आपला प्रमुख मानलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहून आलेला. मॅकग्रेगरांचा प्रमुख, आडनाव मरे! त्या घराण्याने जुनं नाव परत घेतलं ते १८२२ मध्ये.

बल्विडरच्या चर्चच्या आवारात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. जुन्या चर्चच्या पडक्या भिंतींसमोर, लोखंडी कठड्यात कबरी: रॉब रॉय मॅकग्रेगर, त्याची बायको मेरी आणि दोन मुलगे. रॉय म्हणजे गेलिक ‘रुआ’, लाल केसांचा. हा गुरांचा व्यापारी, मग फरारी, मग दंतकथा. आई कॅम्बेल, त्यामुळे बंदीच्या काळात सहीपुरता तोही कॅम्बेल. १७३४ मध्ये, इतक्या लढायांनंतर, स्वतःच्या अंथरुणात मेला. मुलगा रॉबिन मात्र एडिनबरात फासावर गेला.

शिळेवर ओल्या नाण्यांची चिल्लर पडलेली. वरच्या दगडावर कोरलेले तीनच इंग्रजी शब्द मी दोनदा वाचले. मराठीत सांगायचं तर ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’. ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे लिहायची गरज कोणाला वाटलेली नाही.

खरं तर ही दरी मूळची मॅकलॅरेनांची, म्हणजे लॉरेन्सच्या लेकरांची. मॅकग्रेगर इथे उपरेच. छत्री सावरत मी बाकीचे दगड वाचत हिंडले. मॅकलॅरेन, फर्ग्युसन, स्टुअर्ट… यांतलं कोणतं आडनाव बापाचं आणि कोणतं जीव वाचवायला उसनं घेतलेलं, ते दगडावरून कळत नव्हतं. लॉख व्हॉइलकडून धुकं खाली उतरलं, अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा गाडीकडे वळले.