तोंड वाकडं, पण कोणत्या बाजूचं?

झोपलेल्या बाळाच्या चेहऱ्यात वावगं काहीच नव्हतं. दोन्ही गाल सारखे, ओठ मिटलेले. तरी कागलकडची ती आजी पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "सायेब, लेकराला वारं गेलंय. रडाय लागलं की तोंड उजवीकडं जातंय बघा." मागं बाळंतीण मान खाली घालून बसलेली. गिराणात विळी हातात धरली म्हणून हे झालं, असं घरात ठरूनही गेलं होतं.

मी तळपायाला टिचकी मारली. बाळानं टाहो फोडला आणि ओठाचा उजवा कोपरा खाली ओढला गेला; डावा जागचा हलला नाही. मी मात्र डोळे बघत होतो. दोन्ही गच्च मिटलेले. कपाळाच्या आठ्या आणि नाकाशेजारची घडीही दोन्हीकडं सारखी. चेहऱ्याची नस गेली असती तर त्या बाजूचा डोळा नीट मिटला नसता. मग खालचा ओठ डाव्या कोपऱ्यापाशी चिमटीत धरला. उजवीकडच्यापेक्षा पातळ लागला.

डिप्रेसर अँग्युली ओरिस हा जबड्याच्या हाडावरून निघून ओठाच्या कोपऱ्याला येणारा छोटा त्रिकोणी स्नायू. कोपरा खाली ओढायचं काम त्याचं. काही बाळांत तो एका बाजूला जन्मतः खुरटलेला असतो, किंवा नसतोच. दूध ओढायला लागणारे ओठाभोवतीचे आणि गालाचे स्नायू वेगळे, म्हणून हे बाळ अंगावर व्यवस्थित पीत होतं.

आजी रोज उजव्या गालाला तेल चोळत होती. मी म्हटलं, "आजी, वाकडी दिसतीय तीच बाजू चांगली आहे. कमी आहे ती डावी."

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई?" सुनेनं विचारलं.

"नाही. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही." दाराशी उभ्या नवऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी हे सांगितलं. ते सांगणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटलं.

पण एवढ्यावर त्यांना घरी धाडता येत नव्हतं. अशा रडण्यासोबत हृदयाचे जन्मजात दोष असू शकतात, हे केलर या डॉक्टरांनी १९६९ साली मांडलं. काहींत बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडाही गळालेला असतो. स्टेथोस्कोप लावला, तर छातीच्या डाव्या कडेला मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत येणारा जादा फुसफुस आवाज, ऐकू आली. दुपारीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात बारीक छिद्र निघालं. इतकी लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. दोन्ही गोष्टी एकत्र सापडल्यामुळं गुणसूत्राची आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी लिहून दिली.

"मोठेपणी हसताना दिसंल का?" बापानं विचारलं. हसताना कोपरे वर ओढणारे स्नायू निराळे असतात, त्यामुळं बहुतेकांचं हसू सरळच दिसतं, आणि वय वाढेल तसं हे फारसं कुणाच्या लक्षातही येत नाही, असं सांगितलं. मग आईला जवळ बसवून नीट समजावलं: दूध पिताना बाळाला घाम फुटला, दम लागला किंवा वजन वाढेना, तर पुढच्या इकोची तारीख बघत थांबायचं नाही, त्याच दिवशी निघून यायचं.