साठावा नंबर

मंडळाचा अंक आला. माझा लेख निम्मासुद्धा उरलेला नाही. आजीच्या टू-इन-वनवरची, म्हणजे तिच्या रेडिओ-टेपवरची, दोन पानं गेली, शेवटचा परिच्छेद उचलून सुरुवातीला बसवलाय, आणि मथळा असा की मी जन्मात दिला नसता. फोन मात्र सकाळपासून चालूच. मामी म्हणाली, "किती छान लिहितेस गं, एका दमात वाचलं." एका दमातच वाचून होणार, उरलंय काय त्यात!

चिडायचं तरी कुणावर? लेख आता पळतो. तेच टोचतंय. आई असती तर तिनं मूळचाच मागितला असता... जाऊ दे.

ओटा आवरताना ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं लावलं. आधी मूळचं, मग गाजलेलं. कॉर्नरशॉप हा इंग्लंडमधला बँड. त्यांच्या तजिंदर सिंगनं आपल्या आशाताईंवर गाणं केलं, ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवरच्या आशाताईंवर. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते निघालं. गिटार तेच तेच वाजवत राहते, हा गप्पा मारल्यासारखा गातो, आणि शेवटी नुसती नावं घेत बसतो: रफी ४५, लता ४५, ऑल इंडिया रेडिओ ४५, टू-इन-वनसुद्धा! कुणाला घाई नाही. ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत ते साठाव्या नंबरापर्यंत पोचलं. बीबीसी रेडिओवरच्या जॉन पील या निवेदकाच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षाचं पहिलं गाणं म्हणून हेच निवडलं. म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

मग आला डीजे नॉर्मन कुक, तोच तो फॅटबॉय स्लिम. त्यानं गाणं पळतं केलं, सूर वर चढवला, खाली दणदणीत ड्रम घातले. फेब्रुवारी १९९८ मध्ये पहिला नंबर! बँडचं पहिलं मोठं यश, शब्द तजिंदरचे, आवाज तजिंदरचा, आणि लोक नाचले ते कुकच्या ठेक्यावर. अजूनही जिथे तिथे वाजतं ते कुकचंच.

तजिंदरला काय वाटलं असेल? आनंद झालाच असेल, न व्हायला काय झालं. पण कुणी "तुमचं गाणं फार आवडतं" म्हटलं की मनात येत असेल ना, कुठलं? मामीला मी तसंच विचारणार होते. कुठलं वाक्य आवडलं गं? भीती वाटली, ती नेमकं संपादकांनी घातलेलं सांगायची.

आणि मला गंमत ही वाटते की दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर पाय माझेही कुकच्याच गाण्याला हलले. मूळचं मला जास्त आवडतं, हे मी कुणालाही ठासून सांगेन, पण पाय काही ऐकेनात.

पहिला नंबर टिकला तोही एकच आठवडा. आधीच्या आठवड्यात टायटॅनिकचं गाणं, नंतरच्या आठवड्यात मॅडोना. माझा तर बहुधा आजच्या फोनांपुरताच.

मामीला मूळ लेख पाठवावा असं मघाशी वाटलं होतं. नकोच. ती बिचारी चष्मा लावून सगळा वाचेल आणि म्हणेल, "छापलेला बरा होता गं."