डुकरं, मका आणि ५६ मिलिमीटरची काच

शिराळ्याकडं डुकरं उसात शिरतात, इथं जर्मनीत मक्यात. नासाडी तीच, मुळासकट. आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. इथं परवानाधारक शिकारी बांधाला मचाण उभं करून रात्रीही डुकराची वाट बघतो. हरणांवर मात्र सूर्यास्तानंतर दीड तासानं गोळी झाडता येत नाही. त्या तिन्हीसांजेला आणि नंतरच्या चांदण्यात सगळी भिस्त रायफलीवरच्या दुर्बिणीवर, म्हणजे स्कोपवर.

दुकानदार सांगतो, "हा प्रकाश खेचतो." अर्धंच खरं. नुसत्या डोळ्याला दिसतं त्याहून उजळ चित्र कुठलीच दुर्बीण दाखवत नाही. ती चित्र मोठं करते आणि उजेड होईल तितका कमी वाया घालवते.

८×५६ चा, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ५६ मिलिमीटरची असलेला स्कोप हातभर लांब धरून आभाळाकडं रोखा. डोळ्याच्या बाजूच्या काचेत उजेडाचा एक गोल ठिपका तरंगताना दिसेल. ५६ भागिले ८, म्हणजे ७ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. पन्नाशीत ती ५ च्या आसपास येते, मग जवळजवळ निम्मा उजेड बाहुलीबाहेर सांडतो. म्हणजे त्या माणसानं पैसे ५६ च्या काचेचे मोजले आणि वापरली ४० ची. स्कोप झूमचा असेल, तर त्यानं झूम ११ पटीपर्यंत न्यावा. ठिपका ५ चा होतो, उजेड तेवढाच राहतो आणि डुक्कर मोठं दिसतं. उलट, तरुणानं ३-१२×५६ चा (३ ते १२ पट) झूम दिवसाचा १२ वरच विसरला, तर ठिपका ४.७ वर येतो आणि तो काचेला शिव्या देत बसतो.

मग ४×३२ का नको? ठिपका तर ८ चा! कारण उजेड पुरला तरी जनावर बारीक दिसतं, मागं पिल्लं आहेत का ते कळत नाही. पिल्लांच्या आईला मारणं इथं गुन्हा आहे. म्हणून कॅटलॉगात संधिप्रकाशाचा आकडा छापतात: पट गुणिले काच, त्याचं वर्गमूळ. ८×५६ ला २१, ४×३२ ला ११. पण स्वस्तातल्या ८×५६ लाही २१ च येतो, म्हणून त्या आकड्यावर फार जाऊ नये. बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो. असे १० पृष्ठभाग म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. वर आतल्या आत परतलेला उजेड चित्रावर दुधाळ पडदा धरतो. चंद्र समोर असला की हे लगेच कळतं.

क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, केसासारखी बारीक असेल तर काळ्या डुकरावर ती हरवते. इथले जुने शिकारी तीन जाड पट्ट्यांची जर्मन ४ नंबरची खूण धरून असतात, मध्ये लाल ठिपका. गडबड होते ती या ठिपक्याच्या उजेडात. स्वस्त स्कोपमध्ये सगळ्यात मंद पायरीही डोळ्यात खुपते आणि भोवतीचं जनावर पुसल्यासारखं होतं. रात्री विकत घेणं शक्य नसतं, तेव्हा निदान दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत सगळ्यात खालची पायरी लावून बघावी.

बाकी चुका साध्या. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तो मोबाईलच्या एका झळकीत वाया जातो. थंडीत काचेवर श्वास गेला की बाहेरून धुकं धरतं. आतलं धुकं टाळायला नायट्रोजन भरलेला असला तरी त्याचा इथं उपयोग नाही.

सागरेश्वर अभयारण्यात संध्याकाळी चितळं बघायला साधी दुर्बीण घेतानाही हाच भागाकार करा. खिशातल्या १०×२५ ला अडीच मिलिमीटर, ८×४२ ला सव्वापाच. आणि हातभर लांब धरल्यावर ठिपका गोल दिसण्याऐवजी कडा कापल्यासारखा चौकोनी, राखाडी दिसला, तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत. ती दुर्बीण तिथंच ठेवा.