बाद समजलेली निगेटिव्ह

आज सकाळपासून लाइटबॉक्ससमोर बसलोय, सायनोटाइपसाठी, म्हणजे उन्हात छापायच्या निळ्या फोटोंसाठी, निगेटिव्ह निवडायला. ३५ एमएमच्या पट्ट्या लगेच बाजूला ठेवल्या कारण इथे एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र) नाही, कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो, मग उरल्या ४ बाय ५ इंचाच्या शीट्स.

आईच्या हातांची निगेटिव्ह ब्रोमाइड पेपरवर (डार्करूममधला नेहमीचा काळा-पांढरा कागद) किती सुंदर आली होती, तीच आज गच्चीवर उन्हात ठेवून प्रिंट धुतला तर सगळं सपाट, उजेड नि सावली एकाच निळ्यात मिसळलेली. खूप वाईट वाटलं. मग वाड्याच्या दाराची काढली, चुकून जास्त डेव्हलप होऊन दाट झालेली, दोन वर्षं बाद म्हणून पडून होती, आणि तिच्यात दाराच्या कडीची सावली गडद निळी आणि चुन्याच्या भिंतीचे पोपडेसुद्धा पांढऱ्यात स्पष्ट!! कितीतरी वेळ ओला कागद हातात धरून उभा होतो.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेल्या या प्रोसेसला दाट, भरपूर कॉन्ट्रास्टची (उजेड-सावलीत मोठा फरक असलेली) निगेटिव्ह लागते, सॉल्ट प्रिंटला, म्हणजे मीठ लावलेल्या कागदावरच्या जुन्या पद्धतीच्या प्रिंटला, तर त्याहून जास्त. आता पुढच्या शीट्स मुद्दाम २५ टक्के जास्त वेळ डेव्हलप करून बघणार. आईचे हात परत काढायचेत, भाकरी थापताना, ती हो म्हणालीये.