चष्म्याची काडी

आज सकाळी वेताळ टेकडीवर प्राणायामासाठी डोळे मिटून बसलो असताना, शेजारी रुमालावर ठेवलेला माझा चष्मा एका लॅब्राडॉरने उचलला आणि मी डोळे उघडेपर्यंत त्याची एक काडी चावून पार चपटी केली होती.

मालक धावत आले. त्यांनी सर्वप्रथम कुत्र्याचा जबडा उघडून आत काही टोचले तर नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. त्यात गैर काहीच नव्हते. मीही तेच केले असते. त्यानंतर लाळेने माखलेला चष्मा माझ्या हातात देत ते हसून म्हणाले, "पिल्लूच आहे हो अजून, पण चष्मा असा खाली ठेवायचाच कशाला?"

पट्टा त्यांच्या खांद्यावर होता, कुत्र्याच्या गळ्यात नव्हता.

घरी येऊन कायदा चाळला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्यासाठी आहे. चष्म्यासारख्या वस्तूच्या भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागेल, आणि एका काडीसाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस पुण्यातही विरळाच (निदान मी तरी तो नव्हे).

खरे तर मला पैसे नकोच होते. "किती खर्च येईल?" एवढे त्यांनी विचारले असते, तर "राहू द्या हो" असे मीच म्हणालो असतो. तुमच्या कुत्र्याने असे काही केले, तर तुम्ही पहिले वाक्य काय बोलता?